वाळवंटातला आतेभाऊ

सुरुवातीलाच माफी मागून टाकतो. आत्मकथन लिहायला माणसानं निदान केस पांढरे होईपर्यंत थांबावं आणि त्याआधी काहीतरी करून दाखवावं, असं माझंही मत आहे. माझे केस अजून काळे आहेत. करून दाखवलेलं म्हणाल, तर अमेरिकेतल्या कॅरी नावाच्या गावात एका सरकारी कचेरीत मी जमिनीखालच्या सांडपाण्याच्या पाइपांचे नकाशे काढतो, एवढंच. शिवाय माझं शाळेतलं मराठी दुसरीला थांबलं. पुढचं मी आईच्या बोलण्यातून आणि नानांच्या गप्प बसण्यातून शिकलो. तरीही लिहितो आहे, कारण नायजर या देशाबद्दल मराठीत लिहायचा ज्याला खरा अधिकार आहे असा माणूस मी बरेच दिवस शोधला आणि मला तो सापडला नाही. कुठे असलाच तर त्यानं हे प्रकरण सोडून पुढे जावं आणि मला मोठ्या मनानं माफ करावं.

तेव्हा आम्ही न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत एका घराच्या तळघरात राहत होतो. वरती घरमालकांचं कपडे वाळवायचं मशीन होतं, ते सुरू झालं की आमच्या छतात कुणीतरी गव्हाची चक्की लावल्यासारखं वाटायचं. त्या घरघरीला आईच्या लाटण्याचा ठेका. आई आयटीतल्या घरांना पोळ्या करून द्यायची आणि नाना, म्हणजे माझे वडील, शोभाकाकूंच्या केटरिंगच्या किचनमध्ये आचारी होते. काकूंनीच कागदपत्रं करून आम्हाला लासलगावजवळच्या आमच्या गावाहून इकडे बोलावून घेतलं होतं. डोहाळजेवण असो, मुंज असो की गणपती, पार्सिपनीतल्या मराठी माणसाच्या ताटातला रस्सा नानांच्या हातचा असायचा. लोक किचनपर्यंत येऊन हात जोडायचे. “नाना, काय मस्त झालंय हो. थँक्यू, नाना.” नाना मान हलवायचे. त्यांना मी इथं आल्यापासून हसताना पाहिलं नव्हतं. दुःखी होते असं नाही. गाडी न्यूट्रलवर उभी असावी तसे असायचे.

त्यांचं एकच वेड होतं, कांदा. तळघराच्या दाराबाहेर फरशीचा एक तुकडा होता, तिथं त्यांनी प्लॅस्टिकच्या टबांमध्ये गावाकडचा कांदा लावला होता. पण आपल्याकडचा कांदा न्यू जर्सीत फसतो. इथं उन्हाळ्याचा दिवस इतका लांबतो की रोप बिचारं घाबरून लगेच गाठ धरतं आणि तिथंच थांबतं. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा एवढंच दिसायचं की नाना सकाळी टबापाशी उकिडवे बसतात, बोटानं माती बाजूला करतात, बोराएवढा कांदा बघतात आणि माती परत सारखी करतात. त्यातले काही त्यांनी थंडीत गॅरेजमध्ये जपले, पुढच्या वर्षी पुन्हा लावले, त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे आले, आणि त्या डेंगळ्यांचं काळं बी नानांनी कागदात बांधून देवाच्या फोटोमागे ठेवलं. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिला. म्हणजे नानाही एकदा कॉलेजात गेले होते, पण ते तिथल्या ग्राउंडवर कुणाच्या तरी लग्नाचा मंडप होता म्हणून. मी जात होतो ते दोन वर्षांचं, गावातल्या गावातलं कॉलेज. तिथून चांगल्या मार्कांनी पास झालं तर स्टेट युनिव्हर्सिटीत फी माफ होऊन जाता येत होतं. माझं सगळं जमत आलं होतं, फक्त जगाचा भूगोल आणि राज्यकारभार हा एक विषय राहिला होता. प्रोफेसर हॅरिस नावाच्या बाई तो शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी टोपीत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक देश काढायला लावला. सहा महिने त्या देशाचा अभ्यास करायचा, शेवटी कॉलेजच्या हॉलमध्ये त्या देशाचं टेबल मांडायचं, तिथलं खाणं ठेवायचं आणि त्या देशातला एक खराखुरा माणूस शेजारी उभा करायचा. माणूस नाही तर पास नाही. माझ्या शेजारच्या मुलीला इटली मिळाला, तिनं लगेच आजीला मेसेज केला. मी चिठ्ठी उघडली तर नायजर.

त्या रविवारी जेवताना मी दोघांना देश वाचून दाखवला. पश्चिम आफ्रिकेत आहे. समुद्र कुठल्याच बाजूला नाही. सात देशांच्या मधोमध. दोन तृतीयांशापेक्षा जास्त जमीन वाळवंट. एक मोठी नदी आहे, तिचंच नाव देशाला, पण ती नैऋत्येच्या कोपऱ्यातून जेमतेम डोकावून जाते, आणि राजधानी नियामे त्या कोपऱ्यात नदीला चिकटून बसली आहे.

“मग बाकीचे काय पितात?” आईनं विचारलं.

“विहिरी आहेत.”

“आणि खातात काय?”

“मुख्य पीक बाजरी,” मी वाचलं. “खालोखाल ज्वारी, चवळी, शेंगदाणे. शेवग्याचा पाला उकडून त्यात दाण्याचं कूट आणि कांदा घालून खातात.”

आईनं हातातला घास खाली ठेवला. “बाजरी, शेवग्याचा पाला आणि दाण्याचं कूट? अरे मग हे बाहेरचे कुठे झाले?”

त्या दिवसापासून नायजर आमच्या घरचा झाला. मी कॉलेजातून आलो की आई पोळी लाटता लाटता विचारायची, “काय रे, आपल्याकडे काय नवीन?” आणि मी सांगायचो. राज्यकारभाराचा धडा जरा अवघड गेला. पुस्तकात लोकांनी निवडलेले अध्यक्ष होते, संसद होती. पण पुस्तक छापून झाल्यावर अध्यक्षांच्या पहाऱ्यावरच्या सैनिकांनीच त्यांना घरात कोंडलं होतं आणि आता एक सेनापती राज्य करत होता.

“राखणदारानंच कोंडलं?” आई म्हणाली. “मग त्यांना जेवायला कोण देतं?”

मला ठाऊक नव्हतं. मी वर्गात विचारलं. प्रोफेसर हॅरिसनी तो प्रश्न स्वतःच्या वहीत लिहून घेतला. नानांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, “सात शेजारी आणि मध्ये कुंपण नाही. कठीण आहे.” नानांच्या मानानं हे भाषणच होतं.

राहिला खराखुरा माणूस. मी ज्याला विचारावं तो एखाद्या नायजेरियन ओळखीच्याचा नंबर द्यायचा. तो शेजारचा देश, सर, मी नम्रपणे सांगायचो, आणि समोरचा म्हणायचा, अरे मग जवळच आहे की. शेवटी माणूस सापडला तो शोभाकाकूंच्या किचनच्या मागच्या दारात. दर मंगळवारी कांद्याची पोती घेऊन येणारा ट्रकवाला. उंच, किडकिडीत, डोक्यावर नक्षीची गोल टोपी. मी पोतं उतरवायला हात दिला आणि सहज विचारलं, तुम्ही कुठले. त्यानं थकलेल्या आवाजात सांगितलं, “नायजर. तुला कळणार नाही.”

“नियामेकडचे की झिंदरकडचे?” मी विचारलं.

त्यानं पोतं खाली ठेवलं. मूसा त्याचं नाव. त्याला इंग्रजीत कुणी असा प्रश्न विचारल्याला म्हणे बरीच वर्षं झाली होती. तो हौसा भाषा बोलणारा, गाल्मी नावाच्या गावाजवळचा, आणि गाल्मी हे साऱ्या पश्चिम आफ्रिकेत प्रसिद्ध आहे ते तिथल्या जांभळ्या कांद्यासाठी. सांगताना त्याची मान अशी वर झाली की मला क्षणभर लासलगावच्या मार्केट यार्डात उभं असल्यासारखं वाटलं. मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून त्याला कितीतरी प्रश्न विचारले. वाळवंटातून येणारा धुळीचा वारा, उंटावरचे तुआरेग लोक, अगाडेझची मातीची उंच मशीद, सगळं त्यानं सांगितलं. सरकारबद्दल विचारलं तेव्हा मात्र तो म्हणाला, “राजकारण मी ट्रकमध्ये भरत नाही. कांदे सडतात.” निघताना मी अभिमानानं सांगितलं की माझे वडीलही कांद्याच्या गावचे, आणि आमचा कांदा जगात एक नंबर आहे. मूसा माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, की जणू परदेशात हरवलेलं कुणीतरी घरचं माणूस त्याला भेटलं. “एक नंबर,” तो म्हणाला. “असं म्हणतोस. मला भेटव बरं तुझ्या बापाला.”

आईनं त्याला रविवारी जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी, दुकानातून फ्रोजन आणलेल्या शेवग्याच्या पाल्याची दाण्याचं कूट घालून भाजी, नानांनी केलेला मटणाचा रस्सा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. मूसा मांडी घालून बसला. भाकरीचा तुकडा तोंडात टाकून त्यानं डोळे मिटले. मग आईला म्हणाला, “बहिणी, बाजरी आमची आहे. पण तिला असं थापट्या मारून कोण चपटं करतं? काय गुन्हा होता तिचा?” मी भाषांतर केलं. आई खो खो हसली आणि तिनं त्याला आणखी एक चपटी बाजरी वाढली. नानांच्याही ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला. मला वाटलं, झालं, आपलं टेबल मांडून झालं, मी युनिव्हर्सिटीत पोचलो.

मग मूसा हात धुवायला बाहेर गेला आणि त्याला टब दिसले. तो वाकला. बोटानं माती बाजूला केली. बराच वेळ निरखून बघितलं. नाना दारात उभे होते, त्यांच्याकडे वळून तो अतिशय काळजीच्या स्वरात म्हणाला, “भाऊ, तुमची शेळी आजारी आहे का? इथं लेंड्या टाकून गेली आहे.”

हे भाषांतर मला करायचं नव्हतं. पण नानांनी विचारलं, “काय म्हणाला?” आणि मी खोटं बोलत नसे. नानांनी टबाकडे बघितलं, मूसाकडे बघितलं. मग मला म्हणाले, “त्यांचं जेवण झालं असेल तर गाडीपर्यंत सोडून ये.”

मंगळवारी मूसा पोती घेऊन किचनमध्ये गेला आणि दारातूनच ओरडला, “कुठे आहे तो कांदाचोर? याच्या आजोबानं माझ्या आजोबाचं बी चोरलं आणि तेही नीट पेरता आलं नाही.” नाना पाठ करून कढई घासत राहिले. पुढच्या मंगळवारीही तेच. त्यानंतर नानांनी शोभाकाकूंना सांगितलं की कांद्याचा माणूस बदला. काकूंना आश्चर्य वाटलं, कारण नानांनी त्यांच्याकडे आजवर मिठाशिवाय काही मागितलं नव्हतं.

मी लायब्ररीत जाऊन शोधलं तेव्हा प्रकार कळला. मूसाच्या देशात चेष्टेचं नातं नावाची एक रीत आहे. काही जमातींचं काही जमातींशी, काही गावांचं काही गावांशी असं नातं ठरलेलं असतं, आणि त्याचं मूळ म्हणजे आते-मामे भावंडं. त्यांनी एकमेकांना भेटल्याबरोबर शिव्या घालायच्या, चोर म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही, उलट परत द्यायची. कुणी मेलं तर हे चेष्टेचे भाऊ मयतीला येतात, मेलेल्याची नक्कल करतात, कबरीत आडवे होतात आणि काहीतरी दिल्याशिवाय उठत नाहीत, म्हणजे रडणाऱ्यांनाही हसू येतं. दोन जमातींत त्यामुळे भांडण पेटत नाही म्हणे. आपल्याला सात शेजारी असले की अशी काहीतरी सोय लागत असावी.

मी धावत ट्रकपाशी गेलो, तर मूसाच तोंड पाडून बसलेला. “तुझा बाप आजारी आहे का?” त्यानं विचारलं. “मी दोनदा शिवी दिली. त्यानं एकदाही परत दिली नाही.” मी म्हटलं, त्यांना वाईट वाटलं. “त्याला वाईट वाटलं?” मूसा म्हणाला. “अरे, कांद्याच्या माणसाला मी भाऊ मानलं. न बोलणं म्हणजे तू माझा कुणी नाहीस असं सांगणं. तुझ्या टेबलाशी मी कोण म्हणून उभा राहू? त्यानं मला एक तरी शिवी दिली पाहिजे. चांगली. मग येईन.”

म्हणजे गोष्ट अशी होती, की नाना शिवी देत नाहीत तोवर मूसा येणार नाही, आणि मूसा आला नाही तर मी पास होणार नाही. कार्यक्रम पुढच्याच आठवड्यात. प्रोफेसर हॅरिसना हे कसं समजावून सांगावं याचा मी विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

घरी मी नानांसमोर बसून सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “कुणाचीही चेष्टा करावी. पिकाची करू नये.” संपलं. वरती कपड्यांचं मशीन घरघरत होतं. आई पोळ्या लाटत होती, ती लाटणं न थांबवताच म्हणाली, “अहो, बबनभाऊजी काय म्हणायचे हो तुम्हाला?”

नाना छताकडे बघायला लागले.

“सांगा की. पोराला कळू दे.” मग तिनंच मला सांगितलं. बबन म्हणजे नानांचा आतेभाऊ, गावात बांधाला बांध. नाना शेतात दिसले की तो लांबून ओरडायचा, आला का रे बुजगावणं. नानांच्या लग्नात त्यानं वरातीच्या घोड्याची माफी मागितली होती, एवढं ओझं पाठीवर दिलं म्हणून. आणि नानाही कमी नव्हते. हे मला ऐकूनही खरं वाटेना. आई म्हणाली, “अख्खी वेस हसायची यांच्या तोंडाला. इथं आल्यापासून कोण बोलतंय यांना? जो तो अहो नाना, थँक्यू नाना. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, त्याला शिवी द्यायचा हक्क असलेलं एक माणूस नाही या देशात. आणि एक आपणहून आला, तर त्याला गाडीपर्यंत सोडून ये म्हणे.”

नाना उठले. बाहेर जाऊन टबापाशी उभे राहिले. आत आले तेव्हा कुठल्यातरी हिशोबात असल्यासारखे दिसत होते. “म्हणजे आमची आत्या तिकडे दिली होती की त्यांची आमच्याकडे?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला पाहिजे तसं धरा,” आई म्हणाली.

“आपली दिलेली धरू. म्हणजे तो आतेभाऊ.” आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, “ओंकार, इंग्रजीत लेंडीला काय म्हणतात रे?”

मग आमची तालीम सुरू झाली. नानांना इंग्रजी किचनपुरतं येत होतं आणि ते सगळं अदबीचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आरशासमोर उभं राहून म्हटलं, “सर, तुमचा कांदा थोडा बरा नाही.” आई म्हणाली, “याला शिवी म्हणतात? हा तर पाहुण्याला चहाचा आग्रह झाला.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सर काढून टाकलं. पण शेवटी प्लीज आलं. मी म्हटलं, नाना, तुम्ही मराठीत द्या, मी भाषांतर करतो. मी गंभीरपणे त्यांचं बोलणं कागदावर उतरवून ठेवत होतो. पुढे युनिव्हर्सिटीत मला परकीय भाषांचा अनुभव विचारला तेव्हा मी हे लिहिलं नाही, पण खरं तर लिहायला हवं होतं.

मंगळवारी मूसा पोती घेऊन आला. नाना दारातच उभे होते. त्यांनी पोत्यातला एक कांदा काढला, फिरवून बघितला आणि मला म्हणाले, “सांग त्याला, त्याच्या गावात ह्याला कांदा म्हणतात हे ऐकून होतो. इथं दार अडवायला दगड म्हणून वापरू.” मी सांगितलं. मूसानं पोतं टाकलं, दोन्ही हात वर केले आणि नानांना अशी मिठी मारली की त्यांचा एप्रन सुटला. शोभाकाकू बाहेर आल्या. “अहो नाना, कांद्याचा माणूस बदलायचाय ना?” त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, “माणूस राहू दे. कांदा बदला.”

कार्यक्रमाला नाना काकूंच्या मुलाचा ब्लेझर घालून आले. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी काढलेला नकाशा भिंतीवर, टेबलावर शेवग्याचा पाला आणि कूट. त्यात कांदा मात्र ताजा चिरायचा म्हणून नाना सुरी घेऊन उभे, शेजारी मूसा. इटलीच्या टेबलापाशी आजी पास्ता वाढत होती आणि तिथं गर्दी होती. आमच्याकडे प्रोफेसर हॅरिस, काही विद्यार्थी आणि चुकून आलेलं एक कुटुंब. मी भाषण सुरू केलं, “नायजर हा भूवेष्टित देश आहे,” आणि नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“थांब. का आहे ते मी सांगतो.” त्यांनी मूसाकडे सुरीनं खूण केली. “समुद्र आला होता यांच्या गावापर्यंत. यांच्या कांद्याचा वास आला आणि आल्या पावली परत गेला.”

मी भाषांतर केलं. मूसानं छातीवर हात ठेवला. “परत गेला खरा,” तो लोकांना म्हणाला. “जाता जाता त्याला या माणसाचा कांदा दिसला. तो रडला. तेव्हापासून समुद्र खारट आहे.”

लोक हसले. इटलीकडची गर्दी सरकायला लागली. नानांचा चेहरा मी बघत होतो. गाडी गिअरमध्ये पडली होती. वाळवंट कसं झालं, नदी कोपऱ्यातून का पळते, राजधानी नदीला का चिकटून बसली, सगळ्याची कारणं निघाली आणि सगळी कांद्यापाशी आली. मी भाषांतर करता करता घामाघूम झालो. आणि मग नानांनी रंगात येऊन, मीच वाचून दाखवलेलं सगळं लक्षात ठेवून, सुरी हवेत धरून म्हटलं, “तू मेलास की मी येणार. रडायला नाही. तुझ्या कबरीत तुझ्याआधी मी झोपणार आणि जिलबी मिळाल्याशिवाय उठणार नाही.”

मी प्रामाणिक मुलगा होतो. शब्दाला शब्द भाषांतर केलं. फक्त जिलबी या शब्दापाशी अडखळलो, आणि तोवर मागून कुणीतरी सिक्युरिटीला फोन लावलेला होता.

सिक्युरिटीचा गार्ड आला, भलामोठा माणूस. “सर, सुरी खाली ठेवा.” नाना मला म्हणाले, “सांग, कांदा अर्धा राहिलाय.” मी तेही भाषांतर केलं. गार्डनं नानांचा दंड धरला, तसा मूसा मध्ये घुसला. “हात लावू नका, माझा भाऊ आहे तो.” गार्ड म्हणाला, “आताच त्यानं तुम्हाला मारायची धमकी दिली.” मूसा म्हणाला, “मग? तुम्हाला मत्सर वाटतो का?” प्रोफेसर हॅरिस मध्ये आल्या, मी चेष्टेच्या नात्याबद्दलची सगळी माहिती धडाधड सांगितली, चुकून आलेल्या कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. पण रिपोर्ट व्हायचा तो झालाच. गार्डनं लिहिलं की एका व्यक्तीनं सुरी हातात घेऊन दुसऱ्या व्यक्तीला कबरीबद्दल काही सांगितलं.

प्रोफेसर हॅरिस चांगल्या होत्या. दोन दिवसांनी रिपोर्ट वर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, माझा विश्वास आहे, पण कॉलेजला मूसाकडून स्वतः ऐकायला हवं की त्याला धमकी वाटली नाही. त्याचे शब्द, त्याचा आवाज, मग मी मार्क देते. तोवर निकालात अपूर्ण असं राहील. मी त्याच संध्याकाळी मूसाला फोन लावला. तो विमानतळावर होता. मुलीच्या लग्नासाठी गावी चालला होता, मुक्काम लांबचा. नाना हे जाणून होते. त्यांनीच त्याला सकाळी ट्रकपाशी निरोप दिला होता, आणि सोबत त्याच्या हातात काय दिलं ते मला मागाहून कळलं, कारण देवाच्या फोटोमागची कागदाची पुडी तिथं नव्हती.

“पोचलो की बोलतो तुझ्या बाईंशी,” मूसा म्हणाला, आणि उन्हाळाभर त्याचा पत्ता नाही. मी मेसेज पाठवायचो, त्यावर एकच बरोबरची खूण यायची आणि तशीच राहायची. गावात नेटवर्क नाही, की पाऊस झाला, की फोनच विकला, काही कळायला मार्ग नव्हता. युनिव्हर्सिटीनं कळवलं होतं की ऑगस्ट संपायच्या आत पूर्ण निकाल द्या, नाहीतर जागा जाईल. मी रोज त्या भागाचं हवामान बघायचो. आई विचारायची, “आपल्याकडे काय नवीन?” मी म्हणायचो, ढग आहेत. नानाही विचारायचे, पण भलतंच. “रोपं टाकली का, काही म्हणाला?” मी जरा चिडूनच म्हणायचो, नाना, माझ्या ॲडमिशनचं आहे. ते म्हणायचे, “हां हां, तेही विचार.”

आज सांडपाण्याच्या पाइपांचे नकाशे काढताना मला कधीकधी तो उन्हाळा आठवतो, आणि एखादी गोष्ट एका टोकाला टाकल्यावर दुसऱ्या टोकाला पोचायला किती वेळ लागेल हे नकाशावरून कळत नाही, असं मनात येतं. कचेरीत मी हे कुणाला सांगत नाही.

ऑगस्टच्या शेवटी फोन वाजला. व्हॉइस मेसेज. मी तो एकटा ऐकला नाही. नाना ब्लेझर घालून आले, आम्ही दोघे प्रोफेसर हॅरिसच्या खोलीत गेलो आणि मी फोन टेबलावर ठेवला. मागं कोंबड्यांचा आवाज होता, आणि लहान मुलांचा, आणि मग मूसाचा.

“बाई, नमस्कार. तो आचारी मला धमकी देतो असं तुम्हाला वाटलं. बाई, त्या माणसाला पोतं उचलता येत नाही. त्यानं मला मारलं असतं तर मला कळलंही नसतं. तो माझ्या आजोबांच्या चोराचा नातू आहे, खादाड आहे, त्याचा कोट त्याचा नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी त्याची नक्कल करून दाखवली, पाहुण्यांनी पुन्हा करायला लावली. तो माझा भाऊ आहे. मुलाला पास करा, भाषांतर बरं करतो.”

प्रोफेसर हॅरिसनी चष्मा काढला, पुसला, आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावासमोरचा अपूर्ण हा शब्द गेला होता. मी नानांकडे बघितलं, पण त्यांचं लक्ष फोनकडे होतं, कारण मेसेज संपला नव्हता.

“आणि त्या चोराला सांग,” मूसा म्हणत होता, “पाऊस पडल्यावर त्याचं बी टाकलं होतं. काल आमची शेळी आली. तिनं वाफ्यात तोंड घातलं, वास घेतला आणि शेजारच्या गावी निघून गेली. अजून परत आलेली नाही.”

मी ते मराठीत सांगितलं. नानांनी कोटाच्या लांब बाह्या मागे सारल्या. मग म्हणाले, “परत लाव.” मी पुन्हा लावलं. शेळीपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला, मी थांबवलं.

“शेळी वाफ्यात गेली म्हणजे वाफ्यात काहीतरी होतं,” नाना म्हणाले. आणि प्रोफेसर हॅरिसकडे वळून, माझी वाट न बघता, स्वतःच्या इंग्रजीत त्यांनी बातमी दिली, “मॅडम. माय अनियन. इज कम.” आणि ते हसायला लागले.